सुषमाचं कार्ड राहिलंय

९ नोव्हेंबर
कार्ड ११८ पुरं. आजोबांचे धाकटे भाऊ. मुंबईला गिरणीत होते, तिथेच वारले, एवढंच. मागे स्रोत लिहिला: तों. बाबांकडून ऐकलेलं, मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. सुषमाला चालणार नाही. विचारणार, "आणि बाबांना कोणी सांगितलं होतं?"

पद्धत तिचीच. एका माणसाला एक कार्ड. पुढे नाव, जन्म, लग्न, मुलं, मृत्यू. मागे, हे कुठून कळलं. का. म्हणजे कागद, तों. म्हणजे तोंडी, द. म्हणजे दगड (गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर तीन नावं कोरलेली आहेत, तेवढ्यासाठी). मी लिहायचं, फोटो काढून पाठवायचा, ती डोंबिवलीत कॉम्प्युटरवर चढवणार. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी, अंगात शिस्त. तिचे वडील, म्हणजे माझे काका, गेले त्या वर्षी तिनेच हे वंशावळीचं काढलं. "अण्णा, एकेक माणूस जातोय आणि त्याच्याबरोबर दहा-दहा नावं जातायत."

माझी चुलत बहीण, पण बावीस वर्षांनी लहान. हुकूम तिचे, क्लार्क मी. चौतीस वर्षं शाळेत क्लार्कीच केली, सवय आहे.

ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, दोन वाट्या पेज घेतली. पाय कालच्यापेक्षा सुजलेत.

१२ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने गावी. वाडीत गंगूकाकूकडे बसलो. नव्वद पुरी, कान गेलेत, डोकं शाबूत. पणजोबांचं नाव विचारलं.

"राघो. राघोच. माज्या सासऱ्यान सांगितलानी ना."

बाबा तर रामजी म्हणायचे. तसं म्हटलं तर चिडली. "तुज्या बापाला काय ठावं? तो मुंबयला वाढला."

येताना पिशवीभर कोकमं दिली. कुसुमला, म्हणजे ताईला, दे म्हणाली. "बरी हाय ना रे ती?" बरी आहे म्हटलं.

१३ नोव्हेंबर
सुषमाला विचारलं, राघो लिहू की रामजी. म्हणाली, "दोन्ही लिहा. कोणी, कधी सांगितलं ते लिहा. अण्णा, आपण खोडायचं नाही. खोडायचा अधिकार आपल्याला नाही."

दोन्ही लिहिलं.

१७ नोव्हेंबर
ताईच्या पोटातलं पाणी काढलं. दीड तास लागला. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. तरुण आहेत, चांगलं बोलतात. म्हणाले, काका, आता आणू नका. घरीच ठेवा, दुखलं तर गोळी द्या, खावंसं वाटेल ते द्या.

रिक्षात ताई म्हणाली, "काय म्हणाला?"
"पथ्य पाळा म्हणाला."
"तुला खोटं लिहिता येतं. बोलता नाय येत."

मी बाहेर बघत बसलो. हे वाक्य घरी आल्यावरही कानात होतं.

२० नोव्हेंबर
सुषमाचा फोन. मुलाची परीक्षा, नवऱ्याची बदली, सगळं सांगून झाल्यावर: "अण्णा, एकशेवीस कार्डं झाली, माझंच कार्ड राहिलंय."

तुझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे ना, त्यावरून भर, म्हटलं.

"दाखला म्हणजे नक्कल. मूळ काय? जनरल रजिस्टर. आणि रजिस्टरात कुठून आलं? प्रवेश अर्जावरून. जन्मतारीख कोणी सांगितली, सही कोणाची, ते अर्जावर असतं. तुमच्याच शाळेत आहे, तुम्हीच गठ्ठे बांधलेत. एवढं काढून द्या ना." मग हसत, "एक जूनला जन्मलेली सगळी मुलं तुम्हीच जन्माला घातलीत. निदान माझी तरी खरी तारीख शोधू या. पोफळीला मी झाले तेव्हा ताई तिथेच होती ना? तिला आठवत असेल."

असेल म्हटलं. ताई आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

२२ नोव्हेंबर
कार्डं नाहीत. हात लावला नाही.

२५ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने गावच्या शाळेत गेलो. माझ्या जागी आता राणेबाई. चहा मागवला, "तुमच्यासारखे गठ्ठे आता कोणी बांधत नाही सर" म्हणाल्या. (क्लार्कला सर म्हणतात, भल्या आहेत.) वर्ग चालू होते, त्या फीच्या पावत्यांत. मी मागच्या खोलीत एकटा. पत्र्याची ट्रंक, लाल फडक्यातले गठ्ठे, वर्ष माझ्या अक्षरात.

रजिस्टर आधी बघितलं. नाव सुषमा. वडिलांच्या जागी काका. जन्मठिकाण पोफळी. जन्मतारीख एक जून. अक्षर माझं. सुंदर अक्षर होतं तेव्हा.

मग अर्ज. ३१ नंबरचा.

इथे लिहितो. ही वही माझी बायको मंगल उघडत नाही, सदतीस वर्षांत उघडली नाही.

सुषमा ताईची मुलगी आहे. काकांची नाही, काकीची नाही. ताई तेव्हा रत्नागिरीत शिवणाच्या वर्गावर शिकवायला होती, खोली घेऊन राहायची. पंचवीस-सव्वीस वय. गणपतीला गावी आली तेव्हा आईच्या लक्षात आलं. कोण, ते तिने सांगितलं नाही. बाबांनी मार मार मारलं, तरी नाही. मी पडवीत उभा होतो. एकवीस-बावीस वर्षांचा घोडा, उभा होतो. चार दिवसांनी बाबा तिला पोफळीला घेऊन गेले. काका तिथे प्रकल्पावर, कॉलनीत क्वार्टर, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. गावात सांगितलं, काकीला दिवस गेलेत, कुसुम मदतीला गेली. ताई परत आली ती जत्रेच्या सुमारास. वाळलेली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं कोणाला वाटलंच नाही.

सुषमा सहा वर्षांची असताना काकांची छाती बिघडली, नोकरी सोडून गावी आले. भिंतीला भिंत लागून घर. त्या जूनमध्ये शाळेत नाव घालायचं होतं. काकांना धाप, काकी त्यांच्याजवळ. पोरीला घेऊन आली ती ताई.

मी खिडकीच्या आत, ती बाहेर. अर्ज मीच पुढे सरकवला. तिने सगळं नीट भरलं. खाली "माहिती देणाऱ्याची सही" आणि "विद्यार्थ्याशी नाते". सही केली. नाते या शब्दापुढे पेन थांबलं. अ लिहिला. काना दिला. मग माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घालून रजिस्टरात बघितलं.

तिने ते खोडलं आणि पुढे लिहिलं, चुलत बहीण.

कोऱ्या अर्जांची थप्पी माझ्या कोपराशी होती. खाडाखोड चालत नाही, नवा भर, असं मी दिवसातून दहा जणांना सांगायचो. तिला सांगितलं नाही. अर्ज घेतला, नंबर टाकला, गठ्ठ्यात लावला.

आज बघितलं तर खोडलेलं स्वच्छ दिसतंय. आ. दोन आडव्या रेघा, त्यातून सगळं वाचता येतं.

अर्ज घडी करून खिशात घातला. गठ्ठा बांधला. राणेबाईंना म्हटलं, नाही सापडला.

२६ नोव्हेंबर
चौतीस वर्षांत शाळेचा टाक घरी आणला नाही.

अर्ज कपाटात, बनियनच्या कप्प्यात, खाली. सुषमाला मेसेज केला: रजिस्टर बघितलं, अर्ज मिळत नाही. तिचं उत्तर: "अरेरे. पुन्हा बघा ना कधीतरी 🙏"

२९ नोव्हेंबर
ताई बरी होती. उशी लावून बसवली. मंगल बाजारात.

"सुषमाचं कार्ड केलंस?"
"नाही."
"का?"
"अर्ज बघितला."

डोळे मिटले. झोपली असं वाटलं. मग, "मी खोडलेलं दिसतं अजून?"
"दिसतं."
"रागाने खोडलं नव्हतं रे."

मी म्हटलं, मी नवा अर्ज द्यायला हवा होता तुला. म्हणाली, "दिला असतास तर पहिल्यापासून चुलत बहीण लिहिलं असतं. एवढं तरी राहिलं."

मग म्हणाली, "मी गेल्यावर सांग तिला. आता नको. आता मला तिच्याकडे बघवणार नाय."

विचारून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो कोण होता?

"त्याचं कार्ड करायचंय तुला?" हसली. हसताना कूस दुखली, धरून बसली. "नको. त्याला जागा नको देऊ."

३ डिसेंबर
ताईने हाक मारली. चहा करत होतो, गॅस बंद करून गेलो.

"वसंता, परवा म्हटलं ते विसर. सांगू नकोस तिला."

का, म्हटलं.

"काकीने वाढवली तिला. गोवर आला तेव्हा आठ दिवस मांडीवर घेऊन बसली होती. मेलेल्या बाईच्या हातातून पोर काढून घ्यायची? आणि ती होती म्हणून मला... रोज डोकं विंचरायच्या वेळी हाक मारायची. 'कुसुम, ये गो, धर हिचं डोकं, मला ही ऐकत नाय.' मुद्दाम. तिला काय धरायला माणूस लागायचं?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय. लग्न होईपर्यंत रोज बघितली. रोज. कितीजणींना मिळतं?"

ताप बघितला. नव्याण्णव. तेवढ्याने माणूस बरळत नाही. २९ तारखेला शुद्धीत होती, आजही शुद्धीत आहे. दोन्ही तोंडी, सांगणारी एकच. पणजोबांच्या नावाचं सोपं होतं. दोन्ही लिहिली, सुटलो. इथे एकच करता येतं. सांगायचं किंवा नाही.

७ डिसेंबर
मंगल तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, सुषमाला बोलवून घ्या. मागाहून नको."
म्हटलं, तिला रजा मिळेल की नाही.
"आईला बघायला रजा मिळते."

ती निवडत राहिली.

"लग्न होऊन आले त्या वर्षीच कळलं मला. पोर जेवायला बसली की ताई तिच्या ताटाकडे बघायच्या. दर जूनला युनिफॉर्म शिवायच्या, तो आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या, कापड टोचतं का म्हणून. चुलत बहीण करते का असं कोणी?"

"कधी बोलली नाहीस."
"तुम्ही बोललात?"

सदतीस वर्षं. मला वाटत होतं, या घरात मी एकटाच गप्प आहे.

सुषमाला फोन केला. ताई फार दिवस काढेल असं नाही, म्हटलं. फोनवर रडली. परवाच्या गाडीने येते.

१० डिसेंबर
सुषमा आली. स्टेशनवर आणायला गेलो. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. पुढे चालली तर मान ताईसारखीच एका बाजूला कलती. इतकी वर्षं कसं कोणाला दिसलं नाही.

घरात शिरली, बॅग टाकली, सरळ आत. "ताई, किती गो वाळलीस!"

माझी बहीण म्हणून मीही ताईच म्हणतो तिला. सगळं गाव ताई म्हणतं. पण आज ते ऐकवेना. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कलमांना मोहोर यायला लागलाय.

११ डिसेंबर
दुपारी सुषमाने मोबाइल उशाशी ठेवला. "ताई, मी झाले तेव्हाचं सांग. सगळं. रेकॉर्ड करते, म्हणजे माझ्या कार्डावर लिहिता येईल. तोंडी पुरावा."

मी म्हटलं, तिला त्रास होईल. ताई म्हणाली, "होऊ दे. तू बस तिथे."

मी उंबऱ्यावर बसलो. मंगल आत आलीच नाही, स्वयंपाकघरात भांडं लागल्याचाही आवाज नाही.

ताईने सांगितलं. संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. पहाटेपासून थंडी, घाटातून वारा खाली यायचा. कॉलनीत दवाखाना होता पण काकांनी खालच्या गावातून सुईण आणली. क्वार्टरच्या मागे मोरी, तिथला नळ गळायचा, धार बंद व्हायची नाही. काकीला कळा कधी सुरू झाल्या, काकी कशी ओरडली नाही, ओठ चावून कसा फुटला. काकीने कसली साडी नेसली होती. काकीला कशाचा वास सहन होत नव्हता. काकीला बाहेर पोरांचा खेळण्याचा आवाज कसा ऐकू येत होता आणि राग येत होता.

सगळं खरं. नाव तेवढं दुसऱ्याचं.

सुषमा हातावर हनुवटी टेकून ऐकत होती. मधेच, "म्हणजे सतरा जानेवारी! एक जून नव्हेच!" आनंदली.

मग ताई म्हणाली, "सुईण म्हणाली, आता नळाच्या धारेकडे बघ, दुसरीकडे बघू नको, नि मी—"

थांबली.

मी जमिनीकडे बघितलं. तेव्हाही तेच केलं होतं.

"काकी धारेकडे बघत राहिली," ताई म्हणाली. "मग तू झालीस. रडली नाहीस. सुईणीने उलटी धरून थोपटली. तेव्हा कुठे."
"आणि तू कुठे होतीस?" सुषमाने विचारलं.
"मी? मी तिथेच."

१३ डिसेंबर
सुषमा ताईचं डोकं विंचरते. केस राहिलेत कुठे. तरी तेल लावते, हळूहळू विंचरते, अर्धा तास.

दोन दिवसांत मी तीनदा बोलायला गेलो. एकदा ओट्यावर, एकदा ती कपडे वाळत घालत होती तेव्हा. तिसऱ्यांदा तर "सुषमा, एक सांगायचंय" इथपर्यंत. आतून ताई म्हणाली, "वसंता, पाणी." तहान नव्हती. घोटभरही प्यायली नाही, माझ्याकडे बघत ग्लास हातात धरून बसली.

१६ डिसेंबर
सुषमाने रजा वाढवली.

१९ डिसेंबर
ताई गेली. सकाळी सव्वाआठ. मंगल पेज गाळत होती. सुषमा उशाशी. मी दाढी करत होतो, साबण तोंडाला तसाच. सुषमाने हाक मारली नाही, फक्त बाहेर येऊन उभी राहिली.

मृत्यूची नोंद करायला गेलो. माहिती देणारा मी. कचेरीतल्या बाईंनी नातं विचारलं. भाऊ. पुढे काही विचारलं नाही.

२२ डिसेंबर
सुषमा आज न्हायली. कोणी सांगितलं नव्हतं तिला पाळायला. चुलत बहिणीचं सुतक तिला कसलं? लग्न झालेली, दुसऱ्या घरची. अंघोळ करून मोकळी झाली असती. पण तीन दिवस देवाला हात लावला नाही, चटईवर झोपली.

लग्न झालेली मुलगी आईबापांचे तीन दिवस धरते.

मंगलकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे मी काही सांगितलेलं नाही. मायेने केलं असेल. अठरा वर्षं शेजारी राहिली, मायेने कोणीही करेल.

संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना मंगलने ताईची शिवणाची कात्री दिली. ती घेतली, पदराने पुसली, पिशवीत ठेवली.

३१ डिसेंबर
तेरावं झालं. गावची माणसं आली होती. गंगूकाकूने पोराच्या हाती निरोप धाडला, कुसुम सोन्यासारखी होती.

कार्ड ९६ पुरं करायला घेतलं. कुसुम. अविवाहित. शिवणशिक्षिका. मृत्यू १९ डिसेंबर, स्रोत का., नोंद मीच केली. "मुलं" या शब्दापुढे रेघ मारायची असते, काही नसेल तर. मारली नाही. मोकळं ठेवलं.

२ जानेवारी
सुषमाने ताईचं बोलणं टाइप करून पाठवलं. नऊ पानं. ऐकलं तसं उतरवलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ताईचा खोकला आहे तिथे [खोकला]. मी मधे खाकरलो ते सुद्धा.

सहाव्या पानावर:

"दुसरीकडे बघू नको, नि मी [सात सेकंद शांतता] काकी धारेकडे बघत राहिली."

सेकंद मोजलेत. म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकलंय. सोबत काही लिहिलं नाही. नेहमी लिहिते, "अण्णा, तपासा." या वेळी नुसतीच पानं.

५ जानेवारी
सुषमाचा फोन नाही. मीही केला नाही. काय म्हणू?

मंगल म्हणते, ताईंनी दोनदा दोन सांगितलं म्हणजे तुम्हाला मोकळं केलं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, एकदा आई बोलली आणि एकदा चुलत बहीण. म्हणजे काकीची पुतणी. नीट मांडता येत नाही.

८ जानेवारी
फोन आला. आवाज साधा.

"अण्णा, माझा प्रवेश अर्ज."
"मिळाला नाही म्हटलं होतं ना."
"हो. म्हटलं होतंत." मग, "तुम्ही बांधलेल्या गठ्ठ्यातून कागद हरवत नाही अण्णा. आम्ही लहान असताना हेडमास्तर म्हणायचे, वसंतरावांकडून सुई मागा, वर्षासकट मिळेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी शनिवारी येते. शाळेत येते. मीच बघते. नक्कल नको, फोटो नको, मूळ बघायचंय."
"सुषमा, ऐक, मी काय म्हणतो—"
"नको. तुम्ही आधी काही सांगू नका. सांगितलंत तर ते तुमचं तोंडी होईल. मला वाचू दे."

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला नव्हता तिने. मग म्हणाली, "काकूला सांगा, कात्रीला धार लावून आणली." काकू म्हणजे मंगल. माझ्या बायकोला ती वहिनी म्हणते. आज काकू म्हणाली. चुकून असेल. की मामी म्हणायला तोंड धजलं नाही? माझंच डोकं फिरलंय.

९ जानेवारी
कप्प्यातून अर्ज काढला. मंगलला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला, त्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. पुसल्यासारखं नाही, नुसतं ठेवलं.

"फाडणार होतात?"
"माहीत नाही."

खरंच माहीत नाही. दीड महिना तो कागद घरात होता. जाळायला एक काडी लागते. ताईचं ३ तारखेचं बोलणं मी मानलं असतं तर तेच करायला हवं होतं. केलं नाही, एवढंच सांगता येतं. ते धैर्य होतं असं नाही. शाळेचा कागद मी कसा जाळू, हे जास्त होतं. असा माणूस.

१० जानेवारी, शुक्रवार
शाळेत जाऊन आलो. राणेबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा बघतो. त्या म्हणाल्या, बघा की सर, तुमचंच आहे.

मागच्या खोलीत ट्रंक उघडली. ३० आणि ३२ च्या मधे अर्ज लावला. घडी पडली आहे, ती हाताने दाबली, जात नाही. सुषमा बघेल. विचारेल, ही घडी कुठली, बाकीच्यांना नाही. सांगेन. ते मात्र मीच सांगायचं आहे.

लाल फडकं बांधलं. पूर्वीसारखी गाठ येत नाही, बोटं दुखतात.

बाहेर मुलं पटांगणात कवायत करत होती. त्या खिडकीशी थोडा उभा राहिलो. आता तिथे जाळी बसवली आहे, कागद देण्याघेण्यापुरती फट. ताई उभी होती ती जागा बाहेरून बघितली. तिच्या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. तिथून आतला माणूस अर्धाच दिसतो, कपाळ आणि केस.

येताना गाडीत बसल्यावर डोळे भरून आले. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली, तिला वाटलं धूळ गेली.

सुषमाचा मेसेज. रात्रीच्या गाडीने निघते, पहाटे पोचते, एकटीच येते आहे. शनिवारी शाळा सकाळची. साडेसातला उघडते. मंगल म्हणते, मीही येते. नको म्हटलं, मग ये म्हटलं. आता पुन्हा नको वाटतंय.